जादूगारांच्या हातातल्या किल्ल्या

१९८९ साली स्वीडनमधल्या लार्स पेन्शो या प्रोग्रामरने संगणकावरचा एक खेळ तयार केला. त्यात जिंकणाऱ्याला मिळणारं बक्षीस जगावेगळं होतं. राक्षस मारत, कोडी सोडवत खेळाडू शेवटच्या पायरीवर पोहोचला की तो 'जादूगार' व्हायचा आणि त्याला त्या खेळाचा कोड लिहिण्याचा अधिकार मिळायचा. काल ज्या जगात तो जीव मुठीत धरून फिरत होता, त्याच जगात आज तो नवी गुहा खोदू शकत होता, नवं गाव वसवू शकत होता, नव्या राक्षसाला जन्म देऊ शकत होता.

या प्रकारच्या खेळांना 'मड' म्हणतात. त्यांत चित्रं नसतात, आवाज नसतो. पडद्यावर फक्त मजकूर उमटतो: तुम्ही एका अंधाऱ्या बोळात आहात, उत्तरेला दरवाजा आहे. खेळाडू 'उत्तर' असं टाइप करतो आणि पुढच्या खोलीचं वर्णन समोर येतं. त्याच खोलीत त्याच क्षणी दुसऱ्या देशातून जोडलेला कुणी उभा असेल, तर त्याच्याशी बोलता येतं, लढता येतं. पहिला मड इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने सुरू केला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. आज लाखो लोक एकाच वेळी खेळतात त्या ऑनलाइन खेळांचं मूळ तिथे आहे. त्या खेळातही वरची पायरी गाठणाऱ्याला जादूगार करत आणि त्याच्या हाती इतर खेळाडूंवर वापरायच्या शक्ती येत. पेन्शोने त्यापुढे पाऊल टाकलं. आपल्याला एकट्याला उत्तम साहसखेळ रचता येईल असं त्याला वाटत नव्हतं. म्हणून इतरांना लिहू द्यावं, त्यांची मदत घ्यावी, असा सरळ विचार त्याने केला. त्याच्या प्रणालीला एलपीमड हे नाव पडलं. तिच्यावरचा पहिला खेळ 'जेनेसिस' गोथेनबर्गच्या चाल्मर्स तंत्रविद्यापीठातल्या संगणक मंडळाच्या आधाराने उभा राहिला.

पण परक्या माणसाला लिहू द्यायचं म्हणजे किती लिहू द्यायचं? मडच्या जादूगारांना पगार नव्हता, करारपत्र नव्हतं. बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसायचं. कोण कुठल्या देशातला, किती वयाचा, हे टोपणनावामागे झाकलेलं असायचं. कंपनीत नोकरी जाण्याची धास्ती असते, कायद्याचा धाक असतो. इथे दोन्ही नाही. अशा वेळी कुणाच्या हातात कोणती किल्ली द्यायची, हे ठरवणं खेळ बनवण्याइतकंच कठीण काम होऊन बसतं. स्वयंसेवकांनी चालवलेल्या खेळांनी गेल्या चार दशकांत या प्रश्नावर जे प्रयोग केले, जे फटके खाल्ले, ते संगणकाशी फारसा संबंध नसलेल्यानेही समजून घ्यावेत असे आहेत. आज आपला फोन, बँक आणि रुग्णालय ज्या सॉफ्टवेअरवर चालतात, त्यातला काही भाग असेच न पाहिलेले स्वयंसेवक लिहितात.

धोका नेमका कसा असतो, ते जवळून पाहू. एलपीमडमध्ये एक खोली म्हणजे एक छोटी फाईल. तीत खोलीचं वर्णन असतं, दरवाजे कुठे उघडतात ते असतं, आणि आत कोण उभा आहे तेही. जादूगार ही फाईल चालू खेळातच बसून लिहितो. कुणीतरी पहिल्यांदा त्या दारातून आत शिरतो, त्या क्षणी फाईल वाचली जाते आणि खोली अस्तित्वात येते. सर्व्हर बंद करायची गरज नाही. हीच या पद्धतीची मोहिनी होती. पण त्या फाईलमध्ये नवशिक्याने कधीच न थांबणारं चक्र लिहिलं, तर? सगळा खेळ जागीच गोठेल. ज्यांना त्या खोलीचा पत्ताही नाही, असे खेळाडू लढाईच्या मधोमध अडकतील. म्हणून एलपीमडच्या इंजिनात एक मोजणी बसवलेली असते. प्रत्येक कोडाने किती काम केलं याचा हिशेब ठेवला जातो आणि मर्यादा ओलांडली की तो कोड मध्येच तोडला जातो. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला की वाईट, हे इंजिन विचारत नाही. हेतू शुद्ध असलेल्या माणसाच्या चुकीपासूनही जग वाचलं पाहिजे, ही जाणीव त्या छोट्या मोजणीत आहे.

चूक एकवेळ सोपी, मोह अवघड. ज्याला वस्तू घडवता येतात, त्याला मित्रासाठी एक जबरदस्त तलवारही घडवता येते. ज्याला फायली वाचता येतात, त्याला इतरांनी महिनोन्महिने डोकं लावून रचलेल्या कोड्यांची उत्तरंही वाचता येतात. शिवाय जादूगारांकडे 'स्नूप' नावाची आज्ञा असायची. ती वापरली की दुसऱ्या खेळाडूच्या पडद्यावर जे उमटतं, ते आपल्याही पडद्यावर दिसतं. फसवणूक करणाऱ्याला पकडायला ती उपयोगी आणि दोघांचं खासगी बोलणं चोरून ऐकायलाही तितकीच सोयीची. कुंपणच शेत खायला लागलं तर राखण कुणी करायची, हा प्रश्न इथे रोजचा होता. म्हणून बहुतेक मडांमध्ये नियम झाले: जादूगाराने चालू खेळात खेळाडूला मदत करायची नाही, त्याला त्रासही द्यायचा नाही, आणि स्नूप वापरलं तर कारण सांगता आलं पाहिजे.

नियम कागदावर राहू नयेत म्हणून तांत्रिक बंदोबस्तही झाला. एलपीमडमध्ये एक 'मास्टर' वस्तू असते. कुठलाही कोड फाईल वाचायला किंवा लिहायला गेला की इंजिन आधी मास्टरला विचारतं: ही फाईल, हा मागणारा, देऊ का? प्रत्येक वस्तूला एक ओळख असते, ती कुणाच्या नावावर घडली ते सांगणारी. आणि दुसरी एक ओळख असते, ती आत्ता कुणाच्या अधिकाराने काम करते ते सांगणारी. नवी वस्तू जन्मते तेव्हा ही दुसरी ओळख कोरी असते. वस्तूने आपण कोण ते आधी सांगावं लागतं. तोवर तिला फायलींना हात लावता येत नाही. युनिक्स या संगणकप्रणालीतून उचललेली ही कल्पना हौशी मंडळींनी खेळात इतक्या बारकाईने बसवली, याचं आजही कौतुक वाटतं.

दुसऱ्या घराण्याच्या खेळांनी सोपी वाट धरली. डेन्मार्कमध्ये कोपनहेगन विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी डिकूमड लिहिला. त्याच्या आधारे १९९३ साली अमेरिकेत जेरेमी एल्सनने सर्कलमड प्रसिद्ध केला आणि तो जगभर हजारो हातांत गेला. त्यात अधिकार म्हणजे एक आकडा. तिसाव्या पातळीपर्यंत साधे खेळाडू. ३१ म्हणजे अमर, ३२ म्हणजे देव, ३३ म्हणजे थोर देव आणि ३४ म्हणजे खेळाचा कर्ता. प्रत्येक आज्ञेपुढे किमान पातळी लिहिलेली. आकडा पुरेसा असेल तर आज्ञा चालते, नसेल तर नाही.

समजायला सोपं, चालवायला सोपं. पण या शिडीत एक मोठा दोष आहे. एकच आकडा दोन कामं करतो: तो माणसाचा मान सांगतो आणि त्याच्या हातातली किल्लीही सांगतो. गणेशोत्सव मंडळात दहा वर्षं उत्तम देखावे उभारणाऱ्या कार्यकर्त्याचा सत्कार करतात, त्याला मिरवणुकीत पुढे उभं करतात; पण त्या मानापोटी वर्गणीच्या पेटीची किल्ली कुणी त्याच्या हातात ठेवत नाही. आकड्यांच्या शिडीवर मात्र तसंच घडतं. सुंदर वर्णनं लिहिणाऱ्या लेखकाला बढती द्यायची तर त्याला वरच्या आकड्यावर चढवावं लागतं, आणि त्या चढण्याबरोबर खेळाडूंना हाकलण्याची, त्यांची माहिती बदलण्याची ताकदही त्याच्या पदरात पडते. ती त्याने मागितलेली नसते, त्याच्या कामाला तिचा उपयोगही नसतो. मान द्यायला किल्ल्या वाटणं हा स्वयंसेवी खेळांमधला सर्वांत जुना आणि सर्वांत महाग पडणारा दोष आहे. जिंकणाऱ्याला जादूगार करण्याच्या मूळ कल्पनेतही तो होताच. उत्तम खेळणारा उत्तम लिहील याची खात्री नसते आणि तो जबाबदारीने वागेल याची तर त्याहून नसते.

एलपीमडची मोठी जगं यातून बाहेर पडली ती जमिनीची वाटणी करून. जेनेसिससारख्या खेळात जग 'डोमेन' नावाच्या प्रांतांत विभागलं गेलं. प्रत्येक प्रांताला एक लॉर्ड. प्रांतात कुणी लिहायचं, कुणाचं लेखन उघडायचं, हे त्याच्या हाती. जादूगार आपल्या प्रांतात राजा, शेजारच्या प्रांतात पाहुणा. चूक झाली तर तिची झळ एका कोपऱ्यापुरती. टेरी प्रॅचेटच्या कादंबऱ्यांवर आधारलेला डिस्कवर्ल्ड मड १९९१ पासून चालू आहे. तिथेही कोड लिहिणारे 'क्रिएटर' प्रांतांमध्ये वाटलेले आहेत. आणखी एक गोष्ट तिथे रुजली, ती म्हणजे 'प्लेटेस्टर'. हे साधे खेळाडूच, कोड लिहिण्याचा कसलाही अधिकार नसलेले, पण नवा भाग सर्वांना खुला होण्याआधी तो तपासून पाहण्याची मुभा असलेले. विश्वासाची ही एक वेगळीच पायरी. तिच्यात सत्ता जवळजवळ नाही. आहे ती फक्त गुपित सांभाळण्याची जबाबदारी. नव्या माणसाला ओळखायला याहून चांगली जागा क्वचितच सापडेल.

उलट टोकाचा प्रयोगही झाला. १९८९च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या जेम्स ऍस्पनेसने टायनीमड सुरू केला. तिथे राक्षस नव्हते, पायऱ्या नव्हत्या. येईल त्याने बांधावं. लोकांनी बांधलंही, आणि इतकं बांधलं की काही महिन्यांतच ते जग स्वतःच्या आकाराखाली वाकलं. १९९०च्या वसंतात ते बंद पडलं. कुणी दुष्टपणा केला नव्हता. फक्त प्रत्येकाला सगळं करता येत होतं आणि जागा कुणीच मोजत नव्हतं.

आता लॅम्ब्डामूबद्दल. इथे थोडं थांबायला हवं, कारण अधिकार आणि विश्वास यांची इतकी खोल परीक्षा दुसऱ्या कुठल्याच खेळाच्या वाट्याला आली नाही. कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात पॅव्हेल कर्टिस यांनी १९९०च्या शेवटी हे मजकुराचं जग उभं केलं. तिथे हजारो लोक येऊन घरं बांधत, वस्तू घडवत, गप्पा मारत. त्याच्या अधिकारांची रचना विचारपूर्वक केलेली होती. साधा सभासद वेगळा, प्रोग्रामर वेगळा, सर्वाधिकार असलेला विझार्ड वेगळा. प्रत्येक वस्तूला मालक, आणि किती बांधायचं याला कोटा. छोटे प्रोग्राम ज्याने लिहिले त्याच्या अधिकाराने चालत, वापरणाऱ्याच्या नव्हे. म्हणजे माझी खुर्ची तुम्ही वापरलीत तरी तुमच्या अधिकारांना ती हात लावू शकत नाही. हाच नियम विझार्डांना मात्र जड जाई. विझार्डने लिहिलेल्या प्रोग्राममध्ये बारीक फट राहिली, तर ती फट कुणाही वापरणाऱ्याला सर्वाधिकाराचं दार उघडून देई. म्हणून त्यांना एकेक ओळ जपून लिहावी लागे.

सभासद वाढले तशी भांडणं वाढली, आणि प्रत्येक भांडण विझार्डांच्या दारात येऊ लागलं. डिसेंबर १९९२ मध्ये कर्टिस यांनी जाहीर केलं की यापुढे विझार्ड फक्त तंत्रज्ञ राहतील. सर्व्हर चालता ठेवतील, माणसांच्या वादांत पडणार नाहीत. समाजाने आपला निवाडा आपण करावा.

त्यानंतर काही महिन्यांतच, १९९३च्या मार्चमध्ये, 'मिस्टर बंगल' हे टोपणनाव घेतलेल्या एका सभासदाने भर बैठकीच्या खोलीत इतर पात्रांवर लैंगिक अत्याचार होत असल्याची वर्णनं पडद्यावर उमटवली. त्याने वापरलेल्या छोट्या प्रोग्राममुळे ती वर्णनं जणू ती पात्रं स्वतःच ते सगळं करत आहेत अशी दिसत होती. त्या पात्रांमागच्या माणसांना बसलेला धक्का खरा होता. पत्रकार ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस' साप्ताहिकात त्यावर लिहिलेला लेख आजही विद्यापीठांमधून वाचला जातो.

अधिकारांच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट अशी: बंगलने एकही कुलूप तोडलं नव्हतं. खोलीत मजकूर उमटवण्याची मुभा सगळ्यांना होती, तीच त्याने वापरली. अधिकारांची सारी रचना फायली, वस्तू आणि मालकी यांची राखण करत होती. एखाद्याच्या नावाने न बोललेलं बोलणं दाखवता येतं, हे तिने धोक्यात धरलंच नव्हतं. सभासद जमले, तासन्‌तास चर्चा झाली, निर्णय होईना. अखेर एका विझार्डने कुणाचीही परवानगी न घेता बंगलचं पात्र कायमचं पुसून टाकलं. पुष्कळांना हायसं वाटलं आणि पुष्कळांना तितकीच भीतीही वाटली. एक माणूस हे करू शकतो, तर उद्या तो आणखी काय करेल? काही दिवसांनी नव्या नावाने बंगल परत आल्याचंही लोकांच्या लक्षात आलं.

कर्टिस यांनी मग अर्ज आणि मतदान यांची पद्धत आणली. सभासदाने मागणी मांडायची, पुरेशा सह्या मिळवायच्या, मग सगळ्यांचं मत. मंजूर झालं की विझार्डांनी ते अमलात आणायचं. कोट्याचं वाटप करायला निवडून दिलेलं मंडळही होतं. खेळाच्या नावाखाली सुरू झालेल्या जागेत एक छोटी लोकशाही उभी राहिली. ती फार काळ सुखाने चालली नाही. मे १९९६ मध्ये विझार्डांनी दुसरं निवेदन काढलं आणि कबूल केलं की 'आम्ही फक्त तंत्रज्ञ' ही भूमिका निभावता आलेली नाही, येणारही नाही. तांत्रिक म्हणून घेतलेल्या निर्णयांचेही माणसांवर परिणाम होतात आणि ते घेतल्याशिवाय गत्यंतर नसतं. या कबुलीचं मोल मोठं आहे. सर्व्हरची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याने 'मी निर्णय घेत नाही' म्हणणं हे दिसायला नम्र असतं, पण त्यामुळे जाब कुणाला विचारायचा तेच कळेनासं होतं. किल्ली आणि उत्तरदायित्व एकाच हातात असावं, हे त्या साडेतीन वर्षांनी दाखवून दिलं.

स्वयंसेवकांवर किती जबाबदारी टाकायची, यालाही दुसरी बाजू आहे. 'अल्टिमा ऑनलाइन' या गाजलेल्या व्यावसायिक खेळात खेळाडूंना मदत करणारे बिनपगारी 'कौन्सेलर' होते. त्यांच्यापैकी काहींनी २००० साली आम्ही खरं तर नोकरीच करत होतो, असं म्हणत दावा लावला. त्याआधी १९९९ साली अमेरिका ऑनलाइन कंपनीच्या स्वयंसेवकांनी असाच खटला भरला होता. ठरावीक तास, हजेरी, अहवाल हे सगळं असताना ही हौस कसली, असा त्यांचा सवाल होता. तो वाद अखेर दीड कोटी डॉलर देऊन मिटला. अधिकार देताना अटी घालाव्यातच, पण अटी वेतनाच्या नोकरीसारख्या झाल्या तर हिशेबही तसाच मागितला जाणार, आणि तो मागणं रास्त आहे.

चालू शतकात कोड लिहिण्याची जागा बदलली. 'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा डेव्हिड व्हाइट यांनी २००३ साली सुरू केलेला मुक्त स्रोताचा रणनीतीचा खेळ जगभरचे स्वयंसेवक सांभाळतात. तिथे दोन दारं आहेत. मुख्य खेळाच्या कोडात थेट बदल करण्याचा अधिकार थोड्यांनाच, आणि तो बरंच काम दाखवल्यावर. पण स्वतःची मोहीम किंवा नकाशा लिहून अ‍ॅड-ऑन म्हणून सर्व्हरवर चढवणं कुणालाही खुलं. ही उदारताच वेस्नॉथचा प्राण आहे. त्यातूनच खेळाला नवे लेखक मिळत आले. तिची किंमत मात्र द्यावी लागली. खेळातल्या संगणकी प्रतिस्पर्ध्याची बुद्धी पायथन भाषेत लिहिता येत असे, आणि त्या कोडाने मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून वापरायला सुरक्षित अशा घटकांची यादी केलेली होती. २००९ मध्ये लक्षात आलं की यादीतला एखादा सुरक्षित घटक स्वतः आतून एखादा धोकादायक घटक वापरत असेल, तर पहिल्याचा हात धरून दुसऱ्यापर्यंत पोहोचता येतं. पहारा होता, पण पाहुण्याबरोबर कोण आलंय ते कुणी पाहत नव्हतं.

२०१५ मध्ये आणखी बारीक फट सापडली. अ‍ॅड-ऑन चढवणारा लेखक आपला परवलीचा शब्द 'पीबीएल' शेपटीच्या फाईलमध्ये ठेवतो. कुणी खोडसाळ मोहीम लिहून ती दुसऱ्या लेखकाने उतरवून घेतली, तर त्या मोहिमेला ही फाईल वाचता येत होती. म्हणजे त्याच्या नावाने काहीही चढवण्याची किल्ली हाती. दुरुस्ती झाली, त्या शेपटीच्या फायली वाचायला मनाई आली. मग ध्यानात आलं की काही संगणकांवर लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं एकच मानली जातात. तिथे शेपटी मोठ्या अक्षरांत लिहिली की मनाई लागूच होत नाही. पुन्हा दुरुस्ती करावी लागली. अशी कामं रात्री, नोकरी आटोपल्यावर, फुकट करणारी माणसं असतात, हे वाचकाने विसरू नये.

माइनक्राफ्टचा सर्व्हर घरच्या घरी चालवणाऱ्या शाळकरी मुलांनाही ही शिडी ठाऊक असते. तिथे चालकाला एक ते चार अशा पातळ्या देता येतात: पहिलीत आरंभीच्या संरक्षित जागेत बांधकाम, दुसरीत खेळ बदलणाऱ्या आज्ञा, तिसरीत इतरांना हाकलणं, आणि चौथीत सर्व्हरच बंद करणं. मित्र म्हणून चौथी पातळी देऊन टाकण्याचा मोह पुष्कळांना होतो. दुसरी बहुतेक वेळा पुरते.

जुन्या मडांमध्ये भीती असायची ती आतल्या माणसाची. आता आतल्या माणसाचं नाव चोरलं जातं. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टचे मॉड, म्हणजे खेळात भर घालणारे कोड, वाटणाऱ्या कर्सफोर्ज आणि बुकिट या ठिकाणी काही विश्वासू लेखकांची खाती ताब्यात घेऊन दूषित फायली पसरवल्या गेल्या. 'फ्रॅक्चरायझर' नाव पडलेला तो विषाणू संगणकावरच्या इतर जार फायलींमध्येही, म्हणजे मॉड ज्या प्रकारच्या फायलींत असतात त्यांतही, शिरायचा. त्यामुळे ज्याच्या संगणकावर तो पोहोचला, तो लेखक नकळत पुढचा वाहक होण्याचा धोका होता. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी 'स्ले द स्पायर' या खेळावरच्या 'डाउनफॉल' या चाहत्यांनी घडवलेल्या विस्ताराबाबत असंच झालं. लेखकांच्या खात्यात शिरकाव करून स्टीम या खेळविक्रीच्या ठिकाणावरून परवलीचे शब्द चोरणारा प्रोग्राम वाटला गेला. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्याआधीच, ऑक्टोबर २०२३ पासून, नवी आवृत्ती सर्वांसाठी खुली करताना फोनवर येणारा संकेतांक बंधनकारक केला होता. खेळाडूंचा विश्वास लेखकाच्या नावावर असतो. खातं चोरणाऱ्याला तोच विश्वास आयता मिळतो.

आणि कधी कधी विश्वास चोरावाही लागत नाही; तो वर्षानुवर्षं खपून कमावला जातो. हे उदाहरण खेळाचं नाही, पण स्वयंसेवकांच्या प्रत्येक प्रकल्पाला लागू आहे. फायली लहान करणारं 'एक्सझेड' हे साधन लॅसे कॉलिन हे फिनलंडमधले गृहस्थ अनेक वर्षं जवळजवळ एकट्याने सांभाळत होते. २०२१च्या सुमारास 'जिया तान' या नावाने कुणी मदत करू लागला. काम चांगलं होतं. पुढे वेगळ्याच नावांनी कॉलिन यांच्यावर दबाव येऊ लागला: तुम्ही मंद आहात, दुसऱ्या कुणाला अधिकार द्या. थकलेल्या माणसाने ते दिले. २०२४च्या फेब्रुवारीत आलेल्या ५.६.० या आवृत्तीत चोरदरवाजा लपवलेला होता. ते दूरस्थ लॉगिनमधून शिरण्याचं दार होतं आणि जगभरच्या लिनक्स सर्व्हरांपर्यंत पोहोचणार होतं. मार्चअखेरीस मायक्रोसॉफ्टमधले अभियंते अँड्रेस फ्रॉइंड यांना आपलं लॉगिन सुमारे अर्धा सेकंद जास्त घेतंय असं दिसलं, त्यांनी तो अर्धा सेकंद सोडला नाही, आणि कट उघड झाला.

चांगलं काम करणाऱ्याला हळूहळू अधिक अधिकार, हा स्वयंसेवी जगाचा प्रमुख नियम. जिया तानने नेमका तोच पाळला. म्हणून आज जाणती मंडळी शिडीवर विसंबत नाहीत. जेरोम सॉल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली मांडलेली दोन तत्त्वं पुन्हा आधाराला घेतली जातात: कामाला लागेल तेवढाच अधिकार, आणि महत्त्वाच्या कुलपाला दोन वेगवेगळ्या किल्ल्या. गिटहब या कोड ठेवण्याच्या ठिकाणी संस्थेच्या प्रकल्पांना पाच पायऱ्या मिळतात. त्यातली 'ट्रायाज' नावाची पायरी तक्रारींची वर्गवारी करू देते, पण कोडाला हात लावू देत नाही. कोडाच्या मुख्य शाखेला असं कुंपण घालता येतं की प्रकल्पप्रमुखाने लिहिलेली ओळदेखील दुसऱ्याने तपासल्याशिवाय आत जाणार नाही. प्रमुखावर संशय आहे म्हणून हे करायचं नसतं. त्याचं खातं उद्या कुणी चोरलं, किंवा तो कॉलिन यांच्यासारखा एकटा पडून थकला, तर सारा भार त्याच्या एकट्याच्या खांद्यावर येऊ नये म्हणून ते हवं.

सर्वांत अवघड जातं ते किल्ली परत मागणं. पाच वर्षांपूर्वी लिहिणं थांबवलेल्या मित्राचा अधिकार काढायला प्रमुखांची जीभ रेटत नाही. त्याला अपमान वाटेल ही भीती. मग अशी न वापरलेली खाती तशीच पडून राहतात, जुन्या परवलीच्या शब्दांसकट. जेनेसिसच्या मंडळींनी ज्या कोडावर आपलं जग उभारलं, त्यात यावर शहाणा उपाय आहे. तिथे जादूगारांच्या पायऱ्यांमध्ये शिकाऊ आहेत, लॉर्ड आहेत, आर्च आहेत आणि 'रिटायर्ड' ही स्वतंत्र पायरीही आहे. लेखनातून बाजूला झालेल्याने तिच्यावर जायचं. त्याने बांधलेली गावं आणि किल्ले जिथल्या तिथे राहतात, त्याचं नाव जादूगारांतच मोजलं जातं, आणि त्याच्या प्रांतात लिहिण्याचं काम नव्याने आलेला कुणी सुरू करतो.